ओम्नीला गॅस किट बसवण्याआधी: प्रोपेन, घाट आणि कूलंट

वाईच्या एका बेकरीवाल्या दादांनी विचारलं आहे. त्यांच्याकडे २०१४ ची पेट्रोल ओम्नी आहे. रोज पहाटे पाव, खारी, बटर भरून पसरणी घाटाने पाचगणीला जातात, पुढे महाबळेश्वरला माल टाकून दुपारी परत येतात. पेट्रोलचा खर्च झेपत नाही, म्हणून गॅस किट बसवायचा विचार आहे. त्यांचे प्रश्न असे: परदेशातला मावसभाऊ म्हणतो तिकडे गाड्या प्रोपेनवर चालतात, आपल्याकडे एलपीजी म्हणतात, तर हे एकच का? घाटात पिकअप पडेल का? गॅसने इंजिन लवकर बसतं म्हणतात ते खरं का? आणि एक जण घरच्या सिलिंडरमधून टाकी भरून देतो म्हणतोय, ते चालेल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तो जिवाचा आहे. नाही. कोणत्याही भावात, कोणाच्याही भरवशावर नाही. का ते पुढे सांगतो.

प्रोपेन आणि एलपीजी हे सख्खे आहेत, पण एकच नाहीत. एलपीजी म्हणजे मुख्यतः दोन वायूंचं मिश्रण, प्रोपेन आणि ब्यूटेन. अमेरिकेत गाडीसाठी जो दर्जा वापरतात त्यात किमान ९० टक्के प्रोपेन असावं लागतं. तिकडच्या शाळेच्या कितीतरी बस त्यावर धावतात. तुमचे मावसभाऊ म्हणतात ते हेच. आपल्या पंपावरचं ऑटो एलपीजी मिश्र असतं, त्यात ब्यूटेनचाही मोठा वाटा असतो. तुर्कस्तान, पोलंड, इटली, दक्षिण कोरिया इथे लाखो गाड्या अशा मिश्र गॅसवर वर्षानुवर्षं चालत आहेत. हाँगकाँगने २००० सालाच्या सुमारास टॅक्सी डिझेलवरून या गॅसवर आणल्या. कोलकात्याच्या आणि बंगळूरच्या रिक्षा तर आपल्या डोळ्यांसमोर आहेत. म्हणजे इंधन आजमावलेलं आहे, त्याबद्दल शंका नको.

दोन्ही वायूंमधला फरक तुमच्या रस्त्यावर मात्र कामाचा आहे. उघड्या हवेत प्रोपेन उणे ४२ अंशांवर उकळतं आणि ब्यूटेन शून्याच्या जेमतेम अर्धा अंश खाली. डिसेंबर-जानेवारीत महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी दव गोठतं, त्या पहाटे ब्यूटेन टाकीत जवळजवळ निपचित पडलेलं असतं, दाब म्हणून काही उरत नाही. त्याच वेळी प्रोपेनचा दाब चार बारच्या, म्हणजे हवेच्या दाबाच्या साधारण चौपटीच्या, आसपास असतो. टाकीतून इंजिनापर्यंत गॅस ढकलायचं काम थंडीत प्रोपेन करतं. उन्हाळ्यात उलट होतं. ४५ अंशांना शुद्ध प्रोपेनचा दाब १४ बारच्या वर जातो, ब्यूटेनचा तीन-साडेतीनच राहतो. आपल्यासारख्या उष्ण देशात मिश्रण ठेवण्यामागे हेही एक कारण आहे.

आता मुख्य गोष्ट. पंचवीस वर्षं मी गॅसच्या गाड्यांवर हात काळे करतोय आणि माझ्याकडे येणाऱ्या दहा तक्रारींपैकी सात-आठ गॅसच्या नसतातच. त्या गाडीच्याच जुन्या दुखण्याच्या असतात. पेट्रोल ते दुखणं लपवतं, गॅस उघड करतो. प्लग थकलेले, प्लगच्या वायरी चिरलेल्या, कूलंट कमी, टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) बिघडलेले, अशी गाडी पेट्रोलवर रडतखडत का होईना चालते. गॅसवर टाकली की मिसिंग करते, म्हणजे मधेच ठोका चुकते, बॅकफायर, म्हणजे उलटा भडका देते, घाटात बंद पडते. मग मालक म्हणतो गॅसने वाट लावली.

यात सगळ्यात दुर्लक्षित असतं ते कूलंट, म्हणजे रेडिएटरमधून फिरून इंजिन थंड ठेवणारं पाणी. टाकीतून गॅस द्रवरूपात येतो. इंजिनापाशी एक कन्व्हर्टर बसवलेला असतो, काही जण त्याला रेड्युसर म्हणतात. त्यात द्रवाचा वायू होतो आणि दाब खाली येतो. द्रवाचा वायू व्हायला उष्णता लागते, आणि ती उष्णता येते रेडिएटरच्या गरम पाण्यातून. किती लागते याचा अंदाज देतो. तुमच्या ओम्नीचं ७९६ सीसीचं इंजिन घाटात पूर्ण दाबलं, तर कन्व्हर्टरला जवळजवळ एक किलोवॅट उष्णता लागते. बादलीत पाणी तापवायला आपण जो रॉड टाकतो, साधारण तेवढी. म्हणजे पसरणी घाट चढताना एक अख्खा रॉड सतत चालू राहावा लागतो. ते गरम पाणी कन्व्हर्टरमध्ये फिरलंच नाही तर?

एका जानेवारीत पाचगणीच्या एका टॅक्सीवाल्याचा पहाटे फोन आला. गाडी पेट्रोलवर चालू होते, गॅसवर टाकली की दोन किलोमीटरवर बंद. मी गेलो, सीट उचलली. कन्व्हर्टर पांढराशुभ्र, फ्रीजच्या वरच्या कप्प्यात साचतो तसा बर्फ चहूबाजूंनी. बोट लावलं तर चिकटलं. इंजिनाचं झाकण मात्र हात ठेववेना इतकं तापलेलं. कन्व्हर्टरकडे जाणारा पाण्याचा पाइप दाबून पाहिला, आत पोकळ, गारठलेला. रेडिएटर सव्वा लिटर कमी होता आणि पाइपात हवा धरली होती. गडी बिचारा तीन दिवस पंपाला दोष देत होता, की थंडीत भेसळीचा गॅस दिला. पाणी भरलं, हवा काढली, अर्ध्या तासात गाडी महाबळेश्वरला. त्या गाडीचा कन्व्हर्टर बसवणाऱ्याने रेडिएटरच्या पातळीच्या वर बसवला होता. हवा नेमकी तिथेच जाऊन बसायची. पुढच्या आठवड्यात चार इंच खाली घेतला, तक्रार संपली.

म्हणून किट बसवून घेताना तुम्ही स्वतः उभं राहून दोन गोष्टी बघा: कन्व्हर्टर पाण्याच्या पातळीच्या खाली आहे ना, आणि नुसतं नळाचं पाणी न घालता कूलंट घातलंय ना. नळाच्या पाण्याने कन्व्हर्टरच्या आतल्या बारीक वाटा क्षाराने भरतात. गाडी नेहमी पेट्रोलवर चालू करायची, पाणी तापलं की मगच गॅसवर घ्यायची. चांगल्या सिक्वेन्शियल किटमध्ये हे आपोआप होतं. तुमच्या कामाला तेच किट घ्या, साधं मिक्सरचं स्वस्त मिळतं म्हणून घेऊ नका. मिक्सरच्या किटमध्ये इनटेकच्या, म्हणजे हवा आत नेणाऱ्या, अख्ख्या पाइपात गॅस आणि हवा भरलेली असते, एखादा प्लग चुकला की बॅकफायर मागे फुटतो. सिक्वेन्शियलमध्ये प्रत्येक सिलिंडरला त्याच्या वेळी इंजेक्टर गॅस देतो, मागे साठा राहत नाही.

पिकअपचं सांगतो. एक भाग प्रोपेन जाळायला सुमारे २४ भाग हवा लागते. गॅस वायुरूपात आत शिरतो, म्हणजे हवेची चार टक्के जागा तोच खातो. शिवाय पेट्रोलचे थेंब आत उडताना हवा गार करतात, तो फायदा इथे नाही. मिक्सरच्या किटवर पाच ते दहा टक्के ताकद जाते, चांगल्या इंजेक्शनच्या किटवर त्याहून कमी. भरलेल्या ओम्नीला पसरणीच्या वळणांवर एक गिअर आधी खाली यावं लागेल, एवढं धरून चला. पण एक गोष्ट घाटात तुमच्या बाजूची आहे. प्रोपेनचा ऑक्टेन, म्हणजे खडखड न होता जळायची ताकद, ११० च्या आसपास, आपल्या साध्या पेट्रोलचा त्याहून बराच कमी. चढावर ओझ्याखाली इंजिन जे खडखडतं, ज्याला आम्ही नॉकिंग म्हणतो, ते गॅसवर जवळजवळ थांबतं. त्यामुळे ठिणगीचं टायमिंग थोडं पुढे घेता येतं आणि गेलेल्या ताकदीतली काही परत मिळते. प्लगची गॅप थोडी कमी ठेवायची, कारण गॅसच्या मिश्रणात ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं. प्लगच्या वायरी नव्या घ्या. यात पैसे वाचवू नका.

इंजिन बसतं का? खालचं इंजिन, म्हणजे पिस्टन, रिंगा, बेअरिंग, उलट जास्त टिकतं. पेट्रोल थंड इंजिनात सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन नेतं, गॅस नेत नाही. काजळी धरत नाही. पाच हजार किलोमीटरला ऑइल काढलं तर मधासारखं निघतं. इथे मालक फसतात. ऑइल स्वच्छ दिसतंय म्हणून बदलत नाहीत. रंग न बदलता ऑइल आतून जुनं होत असतं, उष्णतेने घट्ट होत असतं. वेळेवर बदला.

खरा त्रास वरच्या अंगाला होतो, व्हॉल्व्हला, म्हणजे सिलिंडरच्या उघडझाप करणाऱ्या दारांना. गॅस कोरडा जळतो आणि एक्झॉस्टच्या, म्हणजे धूर बाहेर सोडणाऱ्या, व्हॉल्व्हची सीट, म्हणजे तो टेकतो ती कडा, हळूहळू झिजते. व्हॉल्व्ह सीटमध्ये रुतत जातो, तसा त्याचा दांडा वर येतो आणि टॅपेटची गॅप कमी होत जाते. हे कानाला उलटं कळतं. गॅप वाढली तर टॅपेट वाजतात, कमी झाली तर गप्प होतात. एक मालवाहू व्हॅन माझ्याकडे आली, मालक म्हणाले इंजिन किती शांत झालंय बघा, फक्त सकाळी जरा थरथरतं. कव्हर उघडून फीलर, म्हणजे गॅप मोजायच्या पट्ट्या, घातला तर तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्टला सगळ्यात बारीक पट्टीही जाईना. व्हॉल्व्ह पूर्ण मिटतच नव्हता. हेड, म्हणजे इंजिनाचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग, उतरवलं तेव्हा व्हॉल्व्हच्या कडेला नखाएवढा तुकडा जळून गेलेला. दहा हजार किलोमीटरला गॅप बघितली असती तर तासाभराचं काम होतं, तिथे हेडचं काम निघालं. तुमची गाडी रोज घाट चढणार, एक्झॉस्ट तापणार. तेव्हा पहिल्या वर्षी दर पाच हजारांना टॅपेट बघून घ्या, झीज किती वेगाने होते ते कळलं की अंतर वाढवा. मिश्रण कोरडं, म्हणजे गॅस कमी आणि हवा जास्त, अशा ट्यूनिंगवर ॲव्हरेज चांगलं दिसतं, पण व्हॉल्व्हचा जीव त्यातच जातो. ॲव्हरेजसाठी कोणी स्क्रू आवळून देतो म्हणाला तर देऊ नका.

हिशोब करू. एका लिटर पेट्रोलमध्ये जेवढी ऊर्जा, त्याच्या सुमारे ७३ टक्के एका लिटर द्रव प्रोपेनमध्ये आणि ८२ टक्के ब्यूटेनमध्ये असते. ब्यूटेन जड असतं, म्हणून लिटरमागे जास्त देतं. आपलं मिश्रण मधे कुठेतरी, म्हणजे पेट्रोलवर १४ चं ॲव्हरेज असेल तर गॅसवर ११ धरा. वीस-पंचवीस टक्के ॲव्हरेज पडणं हा किटचा दोष नव्हे, द्रवरूपातला गॅस पेट्रोलपेक्षा हलका आहे. सोपा नियम सांगतो: पेट्रोलच्या भावाला ०.७८ ने गुणा. गॅसचा भाव त्याच्या खाली जेवढा, तेवढाच तुमचा फायदा. तुमचं रोजचं जाणं-येणं गावातल्या फेऱ्या धरून सत्तर किलोमीटर. समजा पेट्रोल १०५ आणि गॅस ६५ रुपये. पेट्रोलचे ५२५ रुपये लागतात, गॅसचे ४१५ च्या आसपास. दिवसाला शंभर-एकशेदहा वाचले. महिन्याचे २५ दिवस धरले तर अडीच-पावणेतीन हजार. किट तीस हजारांना पडलं तर वर्षभरात फिटतं. भाव तुमच्या गावचे घालून हाच हिशोब परत मांडा.

पण हिशोबाआधी पंप बघा. तुमच्या रोजच्या वाटेवर ऑटो एलपीजीचा पंप आहे का? ३६ लिटरच्या टाकीत ८० टक्केच भरतं, म्हणजे २९ लिटर, तीनशे-सव्वातीनशे किलोमीटर. चार-साडेचार दिवसांनी भरावंच लागणार. त्यासाठी मुद्दाम पन्नास-साठ किलोमीटर वाकडं जावं लागत असेल तर बचत तिथेच संपली. आणि पंप लांब पडला की माणूस नको त्या वाटेला जातो, घरच्या सिलिंडरकडे. सीएनजीचा पंप जवळ असेल तर त्याचाही विचार करा. त्याची टाकी २०० बारची, जड आणि जागा खाणारी असते, तुमच्या खारीच्या क्रेटची एक ओळ जाईल. पण इंधन मिळतच नसेल तर चांगल्यातलं चांगलं किट काय कामाचं.

८० टक्केच का? १५ अंशांवर भरलेलं १०० लिटर द्रव प्रोपेन ५० अंशांवर ११० च्या वर जातं. टाकी काठोकाठ भरली आणि गाडी एप्रिलच्या उन्हात उभी राहिली, तर फुगणाऱ्या द्रवाला जागाच नाही, आणि द्रव दबत नाही. म्हणून गाडीच्या टाकीवर मल्टीव्हॉल्व्ह असतो. त्यातला तरंगता गोळा ८० टक्क्यांना भरणं बंद करतो. त्यातच दाब वाढला तर सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह असतो, आणि पाइप तुटून गॅस एकदम धावला तर आपोआप मिटणारा व्हॉल्व्हही. गाडी बंद झाली की सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारा व्हॉल्व्ह, गॅस तोडतो. मल्टीव्हॉल्व्हवर हवाबंद डबी असते आणि तिच्या नळ्या गाडीच्या तळातून बाहेर निघतात. ओम्नीत टाकी मागे मालाशेजारीच येते, तेव्हा त्या नळ्या नीट बाहेर काढल्यात का हे वाकून बघा. मालाचे क्रेट टाकीवर आपटू नयेत म्हणून मधे जाळी लावून घ्या.

घरच्या १४.२ किलोच्या सिलिंडरला यातलं काहीही नाही. तो शेगडीला वरचा वायू द्यायला बनवलेला आहे. त्यातून द्रव काढायचा म्हणजे तो उलटा करायचा, रबरी नळी लावायची, छोटा पंप जोडायचा, आणि हे सगळं बहुतेक वेळा बंद शेडमध्ये, दिवा लावून. गॅस हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड असतो. तो वर उडून जात नाही, जमिनीवर पाण्यासारखा पसरतो, खड्ड्यात, गटारात बसतो. हवेत दोन टक्के झाला की पेटायला पुरे. आमच्या भागात अशाच एका शेडमध्ये पहाटे आग लागली. मी गेलो तेव्हा पत्रे वाकलेले होते आणि एका तरण्या पोराचे दोन्ही हात कोपरापर्यंत सोललेले. पोरगं वाचलं, पण हातात पाना धरता येत नाही. ते बघितल्यापासून या विषयावर मी कोणाचं ऐकून घेत नाही. कायद्यानेही घरगुती गॅस गाडीत वापरणं गुन्हा आहे. अपघात झाला तर विमा मिळणं मुश्किल. तो माणूस जे पैसे वाचवून देतो म्हणतोय, त्याची किंमत तो मोजणार नाही, तुम्ही मोजणार.

माझ्या गॅरेजात गॅसची गाडी मी खड्ड्यावर घेत नाही, रॅम्पवरच चढवतो. गळती बघायची ती साबणाच्या पाण्याने. तुम्हाला गाडीत तो उग्र वास आला, तर आधी इंजिन बंद करा, दारं उघडा, टाकीवरची चावी हाताने बंद करा, लाइटचं बटण दाबू नका, आणि गाडी सखल जागेत उभी असेल तर माणसं बाजूला घ्या. गॅसला स्वतःचा वास नसतो, तो मुद्दाम घातलेला असतो, तेव्हा वासाकडे कधी दुर्लक्ष करू नका.

कागदपत्रांत कसूर नको. आपल्याकडे गाडीत एलपीजीला मोटार वाहन कायद्यातल्या २००० सालच्या दुरुस्तीनंतर परवानगी मिळाली. किट तुमच्या मॉडेलला मान्यता असलेलंच हवं. अशा चाचण्या करणारी एआरएआय ही संस्था पुण्यात कोथरूडला आहे, आणि टाकीला नागपूरच्या स्फोटक विभागाची मंजुरी लागते. टाकीवर नंबर आणि तारीख कोरलेली पाटी असते, मोबाईलवर तिचा फोटो काढून ठेवा. दर पाच वर्षांनी टाकीची टेस्टिंग करावी लागते. किट बसल्यावर आरटीओत आरसीवर नोंद करा आणि विम्यातही लिहून घ्या. जुनी टाकी दुसऱ्या गाडीतली काढून स्वस्तात बसवतो म्हणणारे भेटतील, त्यांना नमस्कार करा.

धुराबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण मला सांगावंसं वाटतं. किलोमीटरमागे कार्बन डायऑक्साइड पेट्रोलपेक्षा साधारण दहा टक्के कमी, आणि काजळी तर जवळजवळ नाहीच. पाचगणीला शाळांच्या भिंतीला लागून तुम्ही रोज माल उतरवता. मुलं तिथेच प्रार्थनेला उभी असतात.

पेट्रोलची टाकी कधी पूर्ण रिकामी ठेवू नका. पाव टाकी कायम ठेवा, आठवड्यातून एकदा दहा-पंधरा किलोमीटर पेट्रोलवर चालवा. नाहीतर पेट्रोलचे इंजेक्टर चिकटतात आणि थंडीत नेमकी सुरू करायच्या वेळी गाडी अडते. कन्व्हर्टरच्या तळाशी काळपट तेलकट चिकटा साठतो, तो दर सर्व्हिसला काढायला सांगा. गॅसचा फिल्टर वेळच्या वेळी बदला.

तुम्हाला खरंच किट बसवायचं असेल तर आधी गाडी दाखवायला आणा, किटचं नाव नंतर काढू. मला तीन सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजायचंय, टॅपेट बघायचेत. कॉम्प्रेशन एका सिलिंडरला जरी बरंच कमी निघालं, तर किटचे पैसे आधी हेडवर घालू. सोमवारी बेकरीला सुट्टी असते म्हणालात, तर सोमवारी सकाळीच या. गाडी आदल्या संध्याकाळीच माझ्याकडे लावून गेलात तर आणखी चांगलं, म्हणजे सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचं झाकण मी उघडेन.